केस मिटली, पण रेकॉर्डवरून नाव जातं का? चारित्र्य पडताळणीसाठी नेमकं काय करायचं (कोल्हापूर)

राजारामपुरी_सेतू

नमस्कार मंडळी. ई-सेवा केंद्रावर चारित्र्य पडताळणीचे अर्ज भरून देतो. पोलीस भरती जाहीर झाली किंवा गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत माणसं घ्यायला सुरुवात झाली की पोरांचा एकच प्रश्न असतो : "केस मिटलीय, रेकॉर्ड क्लिअर करून मिळेल का?" चुकीचं सांगितलं तर पोराची नोकरी जाते, म्हणून जाणकारांना विचारतोय. चार प्रकार सारखे येतात.

पहिला : २०१७ ची दोन मंडळांतली मारामारी. भादंवि १४३, १४७, १४९, ३२३, ३२४, ५०४, ५०६ आणि जोडीला महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१)(३) सह १३५. दोन्ही बाजू आता एक आहेत, खटला चालू आहे. दुसरा : जुगाराची केस, लोकअदालतीत दंड भरून मोकळा. तिसरा : २०२१ ला निर्दोष सुटलाय, पण पडताळणीत अजून "न्यायप्रविष्ट" येतं. चौथा : मोटारसायकल चोरी, तेव्हा वय १७, आता २३.

या चौघांना काय सांगायचं? आणि एक एजंट पाच हजारांत "ऑनलाइनवरून नाव उडवून देतो" म्हणतोय, त्यात काही तथ्य आहे का?

नक्कल_अर्ज

दादा, एजंटापासून सुरुवात करतो. पोलिसांच्या सीसीटीएनएस प्रणालीतली किंवा ई-कोर्टातली नोंद बाहेरच्या माणसाला उडवता येत नाही. तो फार तर पत्ता बदलून दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतून अर्ज टाकतो. ते उघडकीला आलं की मूळ गुन्हा बाजूला राहतो आणि खोटी माहिती दिल्याचं नवीन लचांड मागं लागतं. त्या पोरांना तिथून आधी परत फिरवा.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेत राज्याराज्यांत नोंद पुसण्याचे, सीलबंद करण्याचे स्वतंत्र कायदे आहेत. अमुक वर्षं गेली, अर्ज केला, नोंद झाकली गेली. आपल्याकडं सज्ञान माणसासाठी असा सर्वसाधारण कायदाच नाही. त्यामुळं "पात्रता काय" असं विचारून उत्तर मिळत नाही. विचारायचं ते असं : केस संपली कशी? रद्द झाली, डिस्चार्ज मिळाला (म्हणजे आरोप निश्चितीआधीच कोर्टानं सोडलं), निर्दोष सुटका झाली, तडजोड झाली की गुन्हा कबूल करून दंड भरला? या पाचांचा परिणाम पाच तऱ्हेचा आहे. पोरं मात्र सगळ्याला "मिटली" म्हणतात आणि तिथंच फसतात.

मारामारीच्या केसबद्दल. यातली ३२३ (साधी दुखापत), ५०४ (डिवचण्यासाठी अपमान), ५०६ (धमकी) ही कलमं तडजोडपात्र आहेत. फिर्यादी आणि आरोपींनी मॅजिस्ट्रेटपुढं तडजोड दिली की ती निर्दोष सुटकेसारखीच धरली जाते (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२०, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३५९). पण ३२४ (हत्यारानं दुखापत) पूर्वी तडजोडपात्र होतं, आता नाही. १४३, १४७ (बेकायदा जमाव, दंगल) त्या यादीत नाहीत. १३५ तर जमावबंदी आदेश मोडल्याचं कलम, त्यात फिर्यादी सरकार. म्हणजे लोकअदालतीत अर्धी केस मिटते आणि अर्धी शिल्लक राहते. मग कोणीतरी सल्ला देतो, "उरलेल्याला हो म्हण, दंड भर, घरी जा." पोरगं हो म्हणतं आणि १३५ खाली दोषी ठरतं. ज्या केसमधून स्वच्छ सुटला असता, तिथं स्वतःच्या सहीनं शिक्षा लावून घेतो.

योग्य वाट म्हणजे उच्च न्यायालयात संपूर्ण एफआयआर आणि दोषारोपपत्र रद्द करून घेणं. जुनं कलम ४८२, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८. गुन्हा १ जुलै २०२४ च्या, म्हणजे नवे कायदे लागू होण्याच्या आधीचा असला तर कलमं भादंविचीच राहतात आणि नवीन अर्ज मात्र नव्या संहितेखाली जातो. पूर्वी यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायला लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच (उच्च न्यायालयाचं खंडपीठ) सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडं आहेत. इतकी वर्षं केवळ खर्चापायी ही वाट न धरलेले कितीतरी जण आता धरू शकतात, त्यांना हे आवर्जून सांगा.

कागद असे लागतात : एफआयआरची प्रत, दोषारोपपत्राचा पूर्ण संच, जखमींची वैद्यकीय प्रमाणपत्रं, खालच्या कोर्टातल्या रोजनाम्याची प्रत, आणि फिर्यादीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. जखमी एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाचं. एकट्या फिर्यादीनं सही केली आणि ३२४ मधला खरा जखमी वेगळाच निघाला की तारीख पुढं जाते. प्रतिज्ञापत्रात "दबावाशिवाय, स्वखुशीनं" हे आणि तडजोड कशामुळं झाली हे स्वच्छ मराठीत असू द्या, कारण कोर्ट फिर्यादीला समोर उभं करून तेच विचारतं. अर्जात सगळे आरोपी घ्या. चौघे आले आणि सहा जण राहिले तर त्या सहांचा खटला चालूच राहतो. उलटसुलट फिर्यादी असतील, मंडळांच्या भांडणात त्या असतातच, तर दोन्ही अर्ज एकाच वेळी दाखल करा. एक रद्द होऊन दुसरी राहिली की जुनं वैर परत डोकं वर काढतं. मंजूर करताना कोर्ट कधी कधी ठरावीक रक्कम एखाद्या सामाजिक निधीत भरायला सांगतं. ती मुदतीत भरून पावती दाखल केली नाही तर आदेश अडकतो.

मर्यादाही सांगून ठेवा. ग्यान सिंग खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं रेषा आखली : खून, बलात्कार, दरोडा असे समाजाविरुद्धचे गंभीर गुन्हे तडजोडीवर रद्द होत नाहीत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यासारख्या विशेष कायद्यांतल्या गुन्ह्यांचंही तेच. ३०७ (खुनाचा प्रयत्न) असेल तर जखम कुठं झाली, हत्यार काय होतं, हे कोर्ट तपासून बघतं. घरगुती वादातलं ४९८अ आपल्याकडं तडजोडपात्र नाही, पण पतीपत्नीत समझोता झाला असेल तर उच्च न्यायालय ते रद्द करतं.

राजारामपुरी_सेतू

वकीलसाहेब, खूप आभार. दंड भरलेल्याचं काय? तो शपथेवर सांगतो की त्याला शिक्षा झालेलीच नाही, "फक्त दंड झाला".

नक्कल_अर्ज

दंड हीच शिक्षा. गुन्हा कबूल केला, कोर्टानं दोषी ठरवून दंड केला, म्हणजे दोषसिद्धी झाली. लोकअदालतीत झालं म्हणून ती तडजोड होत नाही. त्याला म्हणावं, एस.सी.सी. नंबर (किरकोळ फौजदारी खटल्याचा क्रमांक) घे, नकला विभागात अर्ज कर आणि आदेश स्वतः वाच. त्यात "तडजोड" लिहिलंय की "कबुलीवरून दोषी", यावर पुढचं सगळं ठरतं.

कबुली दिली असेल तर दोषसिद्धीविरुद्ध नेहमीचं अपील होत नाही, फार तर शिक्षेचं प्रमाण आणि कायदेशीरपणा यावर बोलता येतं. कबुली कशी नोंदवली गेली यात दोष असेल, म्हणजे आरोप समजावूनच सांगितला नव्हता, छापील फॉर्मवर सह्या घेतल्या होत्या, तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो. मुदत ९० दिवसांची. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा आणि उशिराचं कारण तारखेनिशी मांडायचं. "माहीत नव्हतं" एवढ्यावर भागत नाही.

ज्यांची केस अजून चालू आहे आणि शिक्षा होण्याचीच चिन्हं आहेत, त्यांच्या वकिलानं १९५८ च्या परिविक्षा कायद्याचा मुद्दा युक्तिवादात घ्यायलाच हवा. कलम ३ खाली समज देऊन किंवा कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं तर कलम १२ प्रमाणं दोषसिद्धीमुळं येणारी अपात्रता लागत नाही. २१ वर्षांखालच्याला तुरुंगात पाठवायचं असेल तर कलम ६ खाली कोर्टाला तशी कारणं लिहावी लागतात. एक सावधगिरी : कलम १२ नं अपात्रता जाते, दोषसिद्धीची नोंद जात नाही. फॉर्मवर विचारलं तर ती सांगावीच लागते.

स्टेशन_डायरी

सेतूवाले भाऊ, तिसऱ्या प्रकाराबद्दल लिहितो. निर्दोष सुटूनही "न्यायप्रविष्ट" येतं, कारण कोर्टाचा निकाल पोलीस ठाण्याच्या नोंदीत आपोआप चढत नाही. कोर्टाकडून निकालाचा कागद ठाण्याला यायचा, कोर्ट पैरवी अंमलदारानं तो गुन्हे रजिस्टरला घ्यायचा आणि मग सीसीटीएनएसमध्ये भरायचा. या साखळीत कुठंतरी कागद तटला की माणूस वर्षानुवर्षं आरोपीच दिसत राहतो.

उपाय असा. ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर सोळा अंकाक्षरी सीएनआर नंबरानं केस काढा, निकालाची तारीख आणि प्रकार बघून ठेवा. जिल्हा न्यायालयातून, म्हणजे कसबा बावड्यातून, निकालाच्या प्रमाणित प्रती एकदम तीन घ्या. एक प्रत जोडून ज्या ठाण्यात गुन्हा दाखल आहे तिथल्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज द्या, दुसरी पोलीस अधीक्षक कार्यालयात, तिसरी घरी जपून ठेवा. अर्जात गुन्हा रजिस्टर नंबर, वर्ष, कलमं, खटला नंबर, कोर्ट आणि निकालाची तारीख या सहा गोष्टी असायलाच हव्यात. बहुतेक अर्ज गुन्हा रजिस्टर नंबर नसल्यामुळं पडून राहतात. पोचेवर शिक्का, तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही. पडताळणीचा नवा अर्ज ही दुरुस्ती झाल्यावर करा, आधी नको, नाहीतर तोच शेरा परत येईल आणि फी वाया जाईल. तातडी असेल तर अर्जालाच निकालाची प्रत जोडा आणि गोपनीय शाखेच्या अंमलदाराला मूळ प्रत दाखवा.

दुरुस्तीनंतरही गुन्ह्याची ओळ रजिस्टरला राहते, फक्त पुढं "निर्दोष मुक्तता" आणि तारीख येते. ओळच नाहीशी करा अशी मागणी ठाण्यात मान्य होणार नाही, तिथं वाद घालण्यात अर्थ नाही.

बोटांचे ठसे आणि फोटोंचं मात्र वेगळं आहे. २०२२ च्या ओळख पटवण्याच्या कायद्याप्रमाणं हे तपशील ७५ वर्षं ठेवता येतात. पण ज्याला पूर्वी कुठल्याही कैदयोग्य गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही आणि जो खटल्याविना सुटला, डिस्चार्ज झाला किंवा निर्दोष ठरला, त्याचे तपशील सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावर नष्ट करायचे आहेत. कोर्टानं कारणं लिहून वेगळा आदेश दिला असेल तरच अपवाद. त्यासाठी राज्यानं नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडं अर्ज जातो आणि दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याशी हे तपशील जोडलेले नाहीत याची खात्री करून तो पुढं शिफारस करतो. सज्ञान माणसाच्या बाबतीत "नष्ट करा" असा शब्द कायद्यात मिळतो तो इथं, आणि त्याचा वापर फार थोडे लोक करतात.

अजून दोन गोष्टी तुमच्याकडं येत असतील. समरी : तपासात काही निघालं नाही की पोलीस समरी पाठवतात. 'ए' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, 'बी' म्हणजे फिर्याद खोटी आणि द्वेषानं केलेली, 'सी' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. समरी पाठवली म्हणजे केस संपली असं नाही, मॅजिस्ट्रेटनं ती मंजूर करायला लागते आणि फिर्यादी हरकत घेऊ शकतो. मंजुरीच्या आदेशाची प्रत घ्या. आणि चॅप्टर केस : जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०७, ११०, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२६, १२९. तो प्रतिबंधात्मक बाँड आहे, गुन्ह्याची शिक्षा नव्हे. पण फॉर्मवर "कधी बंधपत्र घेतले होते का" असा रकाना असेल तर तिथं हो लिहायचं.

बालमंडळ_ताई

चौथ्या मुलाबद्दल लिहिते, कारण चौघांत सगळ्यात जास्त संरक्षण त्याला आहे आणि तेच कुणी त्याला सांगत नाही.

बाल न्याय अधिनियम २०१५, कलम २४ : विधिसंघर्षग्रस्त बालकाला (गुन्ह्याच्या वेळी १८ वर्षांखालच्या मुलाला) त्या गुन्ह्यामुळं कुठलीही अपात्रता लागत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करण्याचा आदेश बाल न्याय मंडळानं द्यायचा असतो. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत कागद अपिलाच्या मुदतीपर्यंत किंवा सात वर्षांपर्यंत सुरक्षित ठेवून पुढं नष्ट करायचे, त्याहून जास्त ठेवायचे नाहीत, असं आहे. अपवाद एकच : वय १६ पूर्ण, गुन्हा क्रूर स्वरूपाचा, म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेचा, आणि बाल न्यायालयानं त्याच्यावर सज्ञानासारखा खटला चालवून दोषी धरलं. मोटारसायकल चोरी त्यात कुठंच बसत नाही.

कलम ७४(२) तर तुमच्या कामाशी थेट जोडलेलं आहे. चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा अन्य कारणासाठी पोलिसांनी बालकाची नोंद उघड करायचीच नाही. तरीही शेरा आला तर या कलमाचा उल्लेख करून अधीक्षक कार्यालयात लेखी हरकत द्या, सोबत मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रत आणि वयाचा पुरावा. ज्या मंडळासमोर प्रकरण चाललं तिथं कलम २४ खाली नोंदी नष्ट करण्याच्या आदेशासाठी अर्ज करा. साध्या कागदावर चालतो. प्रकरण क्रमांक, निकालाची तारीख आणि "अपील झालेले नाही" एवढं त्यात हवं.

वय धरायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं, अटकेच्या किंवा निकालाच्या दिवशीचं नव्हे. पुरावा म्हणून आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. आधार कार्डावर विसंबू नका. एखाद्याला त्या वेळी चुकून सज्ञान धरून नेहमीच्या कोर्टात शिक्षा झाली असेल तरी कलम ९(२) प्रमाणं बालक असल्याचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, निकाल अंतिम झाल्यावरसुद्धा, मांडता येतो. हे वाक्य छापून केंद्रात लावा, इतकं ते मोलाचं आहे.

आणि भरतीच्या फॉर्मवर या मुलानं ती बाब लिहिली नाही म्हणून त्याला काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये म्हटलेलं आहे. सज्ञान पोरांनी मात्र याचा आधार घेऊ नये.

नक्कल_अर्ज

ताईंच्या शेवटच्या वाक्याला जोडून. साक्षांकन नमुन्यात (भरतीवेळी भरून द्यायच्या माहितीच्या फॉर्मात) "कधी अटक झाली होती का, खटला भरला होता का, दोषी ठरला होता का, प्रलंबित आहे का" असे वेगवेगळे प्रश्न असतात. एकाचं उत्तर नाही म्हणून सगळ्यांपुढं नाही लिहायचं नाही. निर्दोष सुटलेल्याचं उत्तर : अटक हो, खटला हो, दोषी नाही, प्रलंबित नाही, आणि निकालाची प्रत सोबत. २०१६ च्या अवतार सिंग निकालात न्यायालयानं म्हटलंय की किरकोळ प्रकरण असेल तर नियोक्ता लपवणूकसुद्धा माफ करू शकतो, पण खरं सांगितलं तरी नेमणूक दिलीच पाहिजे असं नाही. पोलीस दलात तर जास्तच कडक. साक्षीदार फितूर झाले म्हणून सुटलेला आणि पुराव्यानं निर्दोष ठरलेला यांत ते फरक करतात. मारामारीच्या खटल्यात "सगळे साक्षीदार फुटले की सुटू" या भरवशावर बसलेल्या पोरांना म्हणूनच मी आधी रद्द करायची वाट सांगतो.

पीओपीएसके_लाइन

पासपोर्टवाले पण तुमच्याकडं येत असतीलच, म्हणून थोडक्यात. फक्त एफआयआर आणि तपास चालू असेल तर पासपोर्ट कायद्याच्या ६(२)(एफ) चा, म्हणजे कोर्टात खटला प्रलंबित असल्याचा अडसर येत नाही. कोर्टानं दोषारोपपत्राची दखल घेतली की येतो. तेव्हा त्याच कोर्टाकडून परवानगीचा आदेश घ्यायचा. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणं आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकच वर्षाचा मिळतो, म्हणून अर्जातच "दहा वर्षांसाठी" अशी विनंती करा आणि आदेशात ते शब्द आलेत का बघूनच कोर्टातून बाहेर पडा. शिक्षेचा अडसर ६(२)(ई) चा : मागच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची कैद. जुगाराच्या दंडाला तो लागत नाही. फॉर्मवर खोटं लिहिलं तर कलम १२ खाली वेगळा गुन्हा होतो. आणि परदेशी नोकरीसाठी लागणारं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतं, आपल्याकडचा हा जिल्हा पोलिसांचा दाखला तिथं चालत नाही. दोन्हीचे अर्ज पोरं सर्रास उलटे करतात.

राजारामपुरी_सेतू

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक : ऊस दराच्या आणि टोलच्या आंदोलनातल्या जुन्या केसेस "सरकारनं मागं घेतल्या" म्हणतात, आणि ई-कोर्टावर मात्र काही केसेस अजून दिसतात.

नक्कल_अर्ज

शासन निर्णय निघाला म्हणून केस संपत नाही. त्यात अटी असतात : जीवितहानी नको, मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नको. त्यात बसल्यावर सरकारी वकिलानं कोर्टात मागे घेण्याचा अर्ज द्यायचा आणि कोर्टानं परवानगी द्यायची (पूर्वीचं ३२१, आता ३६०). आरोप निश्चितीच्या आधी परवानगी मिळाली तर डिस्चार्ज, नंतर मिळाली तर निर्दोष सुटका. आरोपीत आजी-माजी आमदार-खासदार असेल तर उच्च न्यायालयाची परवानगीही लागते.

दिसणाऱ्या केसेसमध्ये काही सुप्त फाइलला गेलेल्या असतील. आरोपी सापडत नाहीत म्हणून कोर्ट फाइल बाजूला ठेवतं, तारखा थांबतात, आणि माणसाला वाटतं संपलं. प्रत्यक्षात वॉरंट जिवंत असतं आणि पडताळणीच्या वेळी नेमकं वर येतं. अशा माणसाला पडताळणीचा अर्ज आत्ता भरून देऊ नका. आधी वकील घेऊन कोर्टात हजर राहू दे, वॉरंट रद्द करून घेऊ दे, फाइल चालू होऊ दे, मग पुढचं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवा. महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा ठरावीक घटकांना उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांनी उत्पन्नाचा दाखला न्यावा.

स्टेशन_डायरी

भाऊ, नकलांची घाई करायला सांगा. जुन्या किरकोळ खटल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधून नष्ट होतात. ठाण्यातली गुन्ह्याची ओळ तशीच राहते आणि सुटल्याचा पुरावा मात्र उरत नाही. २०१७ च्या आसपास निकाल लागलेले जेवढे तुमच्याकडं येतील, त्यांना याच आठवड्यात नकला विभागात धाडा.